काळा चमचा

“मुन्शीजी, हे तुम्ही पाहिलंत का?”

माझ्या टंकयंत्रातून निघालेला कागद हातात घ्यायचा, चष्मा कपाळावर चढवायचा, एखाद्या ओळीखाली नख टेकवायचे आणि अगदी खालच्या आवाजात हा प्रश्न विचारायचा, ही त्या गृहस्थांची रीत होती. मी ‘नाही’ म्हटले, की ते नख त्या ओळीवरून आडवे फिरवीत. “मग काढा. पाहिलं तेवढंच लिहा.”

लोकांचे अर्ज लिहून देणाऱ्या अर्जनवीसाला असे सांगणे म्हणजे हलवायाला साखर वगळायला सांगण्यासारखे आहे. मी गुडगावच्या कचेरीबाहेर कडुलिंबाखाली तीस वर्षे बसलो आहे. पहाडगंजातल्या मराठी शाळेत माझे आठवीपर्यंत शिक्षण झाले. पुढचे मी कचेरीच्या आवारात घेतले आणि ते पदवीहून कमी आहे असे अजून तरी मला कोणी पटवून देऊ शकलेले नाही. चांगले शिकलेले वकील माझ्याकडून मसुदा तपासून नेतात. अलीकडे तर मोहरीच्या शेतांचे उतारे मागणारे शेतकरी आणि त्याच शेतांवर उभ्या राहिलेल्या सदनिकांचा ताबा मागणारे नोकरदार एकाच रांगेत माझ्यापुढे उभे असतात. दोघांचेही दुःख मीच शब्दांत बसवतो. त्या रांगेत एके दिवशी हे गृहस्थ आले.

उंच, किंचित वाकलेले, सुती सदरा, खिशात टोक केलेल्या तीन पेन्सिली. हिंदीत बोलता बोलता पिशवीत कागद सापडेना, तेव्हा त्यांच्या तोंडून “जरा थांबा हं” असे निघाले आणि मी खुर्चीत सरळ झालो.

“आपण मराठी?”

“हो. लक्ष्मीबाई नगरात असतो. सरकारी नकाशे काढतो.” एवढे बोलून त्यांनी कागद पुढे केला. “मुलाच्या मृत्यूबाबत अर्ज करायचाय.”

मी त्यांना बसायला स्टूल दिले. असे स्टूल मी फार थोड्यांना देतो.

त्यांचा मुलगा मिलिंद चोवीस वर्षांचा होता. गुडगावच्या एका नव्या कंपनीत लागला होता. कंपनीतली पाचसहा मुले रविवारी सकाळी अरवलीच्या टेकड्यांत पायी भटकायला जात. नव्या वसाहतीच्या मागून एक पायवाट निघते, किकरच्या, म्हणजे बाभळीच्या, झुडपांतून चढते, मग दगडाच्या एका बंद पडलेल्या खाणीपाशी खोलगट भागात उतरते आणि पलीकडच्या गावाला जाते. मागच्या फेब्रुवारीत मिलिंद सगळ्यांच्या पुढे निघून गेला होता. मागचे पोचले तेव्हा तो त्या खोलगट जागेत पालथा पडलेला होता. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. शवविच्छेदनात कारण निघाले नाही. प्रयोगशाळेचा अहवाल आला नाही. पोलिसांनी जवळ पडलेली एक बाटली पाहून ‘मद्यप्राशन’ असे लिहिले आणि फाइल बांधली.

मी लगेच कागद चढवला. मृत्यूच्या अर्जाची माझी पहिली ओळ ठरलेली आहे. ‘ईश्वरेच्छेने स्वर्गवासी झालेल्या’ अशी ती सुरू होते. ती वाचून विधवा डोळे पुसतात आणि कारकून मान हलवतात.

“ईश्वराची इच्छा तुम्ही पाहिलीत?” त्यांनी विचारले.

“साहेब, ती कशी दिसणार? हा रिवाज आहे.”

“मग काढा.”

मी दुसरा कागद चढवला. मुलगा ‘अत्यंत आज्ञाधारक व निर्व्यसनी’ असल्याचे लिहिले.

“आज्ञाधारक नव्हता. रविवारी झोप जरा, म्हटलं तरी डोंगरात जायचा.”

“निर्व्यसनी तरी राहू द्या! मद्याचाच तर आरोप आहे.”

समोरच्या टपरीवरचा स्टोव्ह भरभरत होता. “मला माहीत नाही, मुन्शीजी. बाप म्हणून वाटतं, पीत नसावा. पण मी पाहिलेलं नाही.” मग बोटाने माझ्या मेजावर बाटलीचा आकार काढीत म्हणाले, “बाटली पाहिली. पोलिसांनी ती उचललीसुद्धा नव्हती. आतून कोरडी होती आणि आत कोळ्याचं जाळं होतं. हे लिहा.”

आता तुम्हीच सांगा, वाचकहो. तुम्हीही आयुष्यात दुःखी माणसे पुष्कळ पाहिली असतील. त्यांतला एखादा तरी असा आठवतो का, ज्याने आपल्या मेलेल्या पोराच्या बाजूनेसुद्धा एक शब्द जास्तीचा घेतला नाही?

त्या दिवशी अर्ज अकरा ओळींचा झाला. माझ्या हातून इतका लहान अर्ज तोपर्यंत कधी गेला नव्हता. मला त्यावर सही करायची लाज वाटली.

पुढे ते दर शनिवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून टेकडीवर जाऊ लागले आणि उतरताना माझ्याकडे येऊ लागले. येताना बुटांना धूळ, सदऱ्याला किकरचे काटे आणि हातात नकाशा. नकाशा मात्र असा सुबक, की तो पाहून काही चांगलेच घडले असावे असे वाटे. चढउताराच्या रेषा, खाण, पायवाट, आणि त्या खोलगट जागेत पेन्सिलीने काढलेले तीन छोटे गोल.

“तीन कशाला?” मी विचारले.

“मिलिंद तिसरा,” ते म्हणाले.

पलीकडच्या गावात त्यांनी घरोघर चौकशी केली होती. दोन वर्षांपूर्वी एक शेळ्यावाला तिथेच मेला होता. त्याला साप चावला असे लिहिले गेले, पण चाव्याची खूण कोणी पाहिली नव्हती. नंतर एक लाकडे आणणारी बाई गेली. तिला थंडी बाधली असे ठरले. गावकरी म्हणत, तिथे चुडैल आहे. गृहस्थांनी चुडैलीलाही तोच प्रश्न लावला होता. कोणीच पाहिलेली नव्हती. पण त्या बाईच्या नवऱ्याने एक गोष्ट पाहिली होती. चितेवर ठेवण्याआधी तिच्या हातातले चांदीचे कडे काढायला गेला, तर ते तव्यासारखे काळे पडले होते.

मिलिंदच्या गळ्यातली चांदीची साखळीही काळी पडली होती. ती त्याच्याबरोबरच गेली. तेव्हा त्यांना वाटले होते, घामाने झाले असेल.

“खाणीपर्यंत टँकरच्या चाकांचे माग आहेत,” ते सांगू लागले. “पहाटे येतात. कुठल्यातरी कारखान्याचं घाण पाणी ओततात. कुठल्या, ते नाही पाहिलं. खाली सडक्या अंड्यासारखा वास येतो. वास येतोय तोवर ठीक. वास यायचा थांबला की पळायचं.”

“थांबला तर बरंच की!”

“नाही मुन्शीजी. वास थांबत नाही. आपलं नाक मरतं.” हे त्यांनी ग्रंथालयात जाऊन वाचले होते, आणि वाचलेले वेगळ्या वहीत लिहिले होते, पाहिलेल्यात मिसळले नव्हते. “हा वायू हवेहून जड. वारा नसला की खड्ड्यात साचतो. म्हणून सकाळी जायचं नाही. दुपारी बारानंतर वारा सुटतो, तेव्हाच मी उतरतो.”

मी म्हणालो, “साहेब, हे सिद्ध कसं करणार?”

त्यांनी पुढच्या शनिवारी पिशवीतून चांदीची एक वाटी आणि चमचा काढला. मिलिंदच्या उष्टावणाला त्याच्या मामाने दिलेला जोड. दोन्हींवर रेखीव अक्षरांत नाव घातलेले होते: चि. मिलिंद. बायको गेल्यापासून घरात तेवढीच चांदी राहिली होती. ती वाटी ते खाली खड्ड्यात ठेवणार होते आणि चमचा वर कड्यावर, मोकळ्या वाऱ्यात. दोन आठवड्यांनी दोन्ही उचलायचे.

दोन आठवड्यांनी चमचा होता तसाच निघाला आणि वाटी काळी ठिक्कर.

त्याच सुमारास त्यांची घाई सुरू झाली. त्याआधी मी त्यांना घाईत पाहिले नव्हते. वसाहत बांधणाऱ्या बिल्डरने वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती. हिरवीगार झाडे, हसणारे आईबाप, खांद्यावर पोर. ती पायवाट आता ‘निसर्गवाट’ होणार होती. हिवाळ्यात दर रविवारी सकाळी रहिवाशांना तिच्यावर फिरायला नेणार होते. त्या जाहिरातीची घडी उघडून ते तिच्याकडे पाहात राहात. “या चित्रातलं पोर केवढं असेल? तीन वर्षांचं? त्याची उंची बघा. वायू आधी त्याच्या नाकापर्यंत येईल.”

मी उपविभागीय साहेबांकडे सुनावणी मागितली. माझी ओळख तिथे चालते, हे मी सविनय नमूद करतो. तारीख मिळाली ती दिवाळीनंतरची. गृहस्थांनी काळी वाटी कापडात गुंडाळून, वर दोरा बांधून माझ्याकडे दिली. त्यांच्या क्वार्टरमध्ये दिवाळीपूर्वीची सरकारी रंगसफेदी चालू होती, सामान बाहेर पडलेले होते. “तुमच्याकडे नीट राहील,” म्हणाले. मी ती कचेरीच्या पेटीत ठेवायला हवी होती. परंतु इतकी मोलाची वस्तू पेटीत ठेवणे मला माझ्या प्रतिष्ठेला शोभेसे वाटले नाही. मी ती पहाडगंजला घरी नेली आणि देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर ठेवली. काय आहे ते मी पत्नीला सांगितले नाही. धंद्यातल्या गोष्टी मी घरी बोलत नाही.

सुनावणीच्या दिवशी साहेबांच्या खोलीत गृहस्थ उभे राहिले. नकाशा पसरला. तीन मृत्यू, तीन जागा, बाटलीतले जाळे, टँकरची चाके. दहा मिनिटांत सगळे मांडून झाले. साहेब खरोखरच पुढे झुकले होते. मग त्यांनी दोरा सोडला आणि कापड उघडले.

वाटी आरशासारखी लखलखत होती. पंख्याची पाती तिच्यात फिरताना दिसत होती.

“वाह,” साहेब म्हणाले. “बहुत सुंदर है. ये किसलिए लाए हैं?”

मी त्यांच्याकडे पाहू शकलो नाही. त्यांनी वाटी उचलली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. अंगठ्याने आतून फिरवून पाहिली. काळा एक कणही राहिला नव्हता.

“ये काली थी, सर,” ते म्हणाले.

“थी,” साहेब म्हणाले, आणि पुन्हा मागे रेलले. सुनावणीला आलेल्या बिल्डरच्या माणसाने हसू दाबायला रुमाल तोंडाशी धरला होता.

झाले होते ते एवढेच. दिवाळीच्या आदल्या दुपारी माझ्या पत्नीने घरातली समई, निरांजन, तबक, सगळे दात घासायच्या पांढऱ्या पुडीने घासले. फळीवर पुडके दिसले. उघडून पाहिले तर लहान मुलाच्या नावाची वाटी आणि ती काळी. तिला वाईट वाटले. तिने ती तीनदा घासली, कोरडी केली आणि जसा होता तसाच दोरा बांधून ठेवली. मी घरी जाऊन ओरडलो तेव्हा ती म्हणाली, “अहो, पोराचं नाव होतं तिच्यावर! काळी कशी ठेवायची?”

दुसऱ्या दिवशी गृहस्थ आले. त्यांनी मला शिव्या द्याव्यात, निदान स्टूल तरी लाथाडावे, अशी माझी फार इच्छा होती.

“वहिनींना काही बोललात का?”

“बोललो. बोलणार नाही तर काय!”

“चुकलंत. आमची ही असती तर तिनंही घासली असती.” त्यांनी वाटी माझ्यापुढे ठेवली. “राहू द्या तुमच्याकडे. चमचा आहे अजून. तो खाली ठेवतो. पण या वेळी मी एकट्यानं पाहून चालणार नाही. उचलताना तुम्ही हवे. तुम्ही लिहिता, तर एकदा पाहायलाही चला.”

मी तीस वर्षांत एकाही घटनास्थळी गेलो नव्हतो. अर्जनवीस जागा सोडत नाही. लोक त्याच्याकडे येतात. पण त्या दिवशी ‘नाही’ म्हणणे शक्य नव्हते. बिल्डरची निसर्गवाट जानेवारीच्या शेवटच्या रविवारी उघडणार होती. आम्ही त्याच्या आधीचा रविवार धरला.

“बारा वाजता,” ते म्हणाले.

“बाराला नाही जमणार. आमच्या मंडळाचा सत्कार समारंभ आहे, मला व्यासपीठावर बसायचंय. सकाळी सातला येतो.”

“सकाळी वारा नसतो, मुन्शीजी.”

“मग वरूनच पाहू आणि परत येऊ. सातलाच जमेल.”

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, जणू माझ्या त्या वाक्याखाली नख टेकवणार होते. टेकवले नाही. “बरं. सात. वाटेच्या तोंडाशी पांढरा दगड आहे, तिथे. माझ्याशिवाय खाली उतरू नका हं.”

त्या रविवारी धुके होते. दिल्लीचे जानेवारीतले धुके, समोरची बस तिच्या हॉर्नवरून ओळखावी असे. मी साडेपाचला पहाडगंजच्या थांब्यावर उभा होतो, हे खरे आहे. अर्धा तास उभा राहिलो, हेही खरे आहे. बस आली नाही. मग माझ्या मनात आले, की एवढ्या धुक्यात तेही गेले नसतील. आणि इस्त्रीचा सदरा चुरगळेल. मी घरी परतलो. दुपारी व्यासपीठावर बसलो. मला नारळ मिळाला.

सोमवारी कचेरीत पोलिसांचा एक हवालदार माझ्याकडे कागद घेऊन आला. त्याला पंचनाम्याची नीट प्रत टंकून हवी होती. अशी कामे तो माझ्याकडेच आणतो. मी यांत्रिकपणे कागद चढवला. ‘पुरुष, उम्र करीब साठ, ऊँचा कद.’ ‘कमीज की जेब में तीन पेंसिल.’ इथे माझी बोटे थांबली.

“क्या हुआ मुन्शीजी? मशीन खराब है?”

“ये कहाँ मिला?”

“अरे वही, खदान वाली जगह. बुज़ुर्ग आदमी, ठंड में अटैक आ गया होगा. क्या ज़रूरत थी घूमने की!”

ते सात वाजता पांढऱ्या दगडापाशी आले असतील. पुढे काय झाले? धुक्यात मी दिसत नाही म्हणून, मी त्यांच्या आधीच खाली उतरलो असेन असे त्यांना वाटले का? मला हाका मारीत, मला बाहेर काढायला ते उतरले का? हे वाक्य मी पुष्कळदा लिहिले आणि पुष्कळदा खोडले. मी पाहिलेले नाही.

पंचनाम्याच्या शेवटी मृताजवळच्या वस्तूंची यादी होती. हवालदाराचे अक्षर वाईट आणि भाषा त्याहून वाईट. त्याला ना अलंकार माहीत, ना रिवाज. त्याने लिहिले होते: ‘दाहिनी मुट्ठी में एक छोटा चम्मच. धातु पता नहीं. रंग काला. ऊपर कुछ नाम खुदा है, पढ़ा नहीं गया.’

ती ओळ मी जशीच्या तशी टंकली. इतक्या महिन्यांत एवढी निर्दोष ओळ माझ्या यंत्रातून निघाली नव्हती.

त्यानंतर मी त्या जागी गेलो. दुपारी बारानंतर, वाऱ्यात. सडका वास आला, चाकांचे माग दिसले, एक मेलेला तितर पाहिला. पांढऱ्या दगडापाशी वाट अडवायला एक दोर बांधून आलो. दोन दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा दोर नव्हता. वाटेच्या तोंडावर रंगीत कमान उभी होती.

आता माझ्या मेजावर ती वाटी आहे. घरी होती तोवर पत्नीने तिला पुन्हा हात लावला नाही. घरची समईसुद्धा दिवाळीपासून तिने घासली नाही. चमचा पोलिसांच्या कोठारात आहे. दोन्हींवर एकच नाव, एकाच हाताने घातलेले. दोन्ही साहेबांच्या मेजावर शेजारी शेजारी ठेवले, तर मूळ चांदी कशी होती आणि त्या खड्ड्यात तिचे काय झाले, हे कोणालाही दिसेल. माझ्या घरी घासली गेली म्हणूनच ती वाटी आता पुरावा झाली आहे. हे त्यांना सांगायला ते नाहीत.

अर्ज मी स्वतःच्या नावाने करतो आहे. पहिला मसुदा चार पानांचा झाला होता. मग चष्मा कपाळावर चढवून एकेक ओळीखाली नख टेकवीत गेलो. नऊ ओळी उरल्या. कमान काढावी आणि वाट बंद करावी, एवढीच मागणी. आज दुपारी दाखल करायचा आहे. परवा निसर्गवाटेचा रविवार आहे.

एक रकाना तेवढा भरायचा राहिला होता. अर्जदाराचे मृताशी नाते. तिथे मी दुसऱ्यांसाठी आजवर हजारो शब्द भरले आहेत. सकाळपासून यंत्रासमोर बसून होतो. शेवटी एकच गोष्ट अशी सापडली, जी मी स्वतः पाहिलेली आहे. ती टंकली: ‘मृताला सकाळी सातची वेळ मी दिली होती. मी गेलो नाही.’